चष्मा, शाडूचे गोळे आणि लहान मेंदू: प्रकल्प नोंदी

8 सप्टेंबर 2025, सोमवार

गणपती परवा गेले. शाळेच्या मूर्तिकार्यशाळेतली शाडू माती अर्धं पोतं उरली होती, ती प्रयोगशाळेत आणून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. प्रदर्शनाचा विषय आज पक्का केला: लहान मेंदू हालचाल कशी शिकतो.

माझ्यासोबत नववीतली दोन मुलं आहेत. वहीत नावं लिहायची नाहीत असं तिघांनी मिळून ठरवलं. मुलगा शाळेच्या संघातला गोलंदाज, मुलगी डावखुरी. वहीतही तेच लिहिणार.

शाळेच्या पुस्तकात अनुमस्तिष्क (लहान मेंदू) म्हणजे तोल आणि हालचालींमधला मेळ, एवढ्यावर भागतं. आज फळ्यावर एवढंच लिहिलं: वजन अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढं, पण माणसाच्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी साधारण 69 अब्ज इथे. गोलंदाजाने विचारलं, "मग त्याला लहान का म्हणतात मॅडम?" आकारावरून नाव पडलं, एवढं उत्तर दिलं. पण प्रश्न वहीत राहू दे.

विषय हाच का, तेही लिहून ठेवते. माझे मामा सुतार. फेब्रुवारी 2023 मध्ये पहाटे गरगरलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, उठायला गेले तर उजवीकडे झोल. दवाखान्यात पित्ताचं औषध देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुसरीकडे एमआरआय झाला तेव्हा कळलं, लहान मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. बहुतेकदा हात-पाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडं होत नाही, म्हणून हा झटका पटकन ओळखू येत नाही. पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनवरही मेंदूचा हा मागचा भाग नीट दिसत नाही. अचानक गरगरणं, ओकाऱ्या आणि धड उभंही राहता न येणं हे तिन्ही एकदम आलं तर पित्त म्हणून सोडू नये, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

10 सप्टेंबर, बुधवार

आराखडा ठरला. चष्म्यात लोलक (प्रिझम) बसवायचा. त्यातून समोरचं सगळं एका बाजूला सरकलेलं दिसतं. तो चष्मा घालून दोन मीटरवरच्या भिंतीवरच्या रेषेला मातीचा गोळा मारायचा. रेषा जिथे दिसते तिथे ती नसते, म्हणून नेम चुकणार. मारत राहिलं की नेम आपोआप बसतो. मग चष्मा काढायचा आणि पुन्हा मारायचं. खरं बघायचं ते इथे.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात थॅच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीचे गोळे फेकायला लावूनच हा प्रयोग केला होता, 1996 मध्ये तो प्रसिद्ध झाला. माती चिकटते, खूण राहते, फूटपट्टीने अंतर मोजता येतं. आपल्याकडे तर शाडू तयारच आहे.

13 सप्टेंबर, शनिवार

प्रयोगशाळेतला काचेचा लोलक डोळ्याला लावून पाहिला. उपयोग नाही. तो 60 अंशांचा, समोरची भिंत पार बाजूला जाते आणि प्रत्येक कडेला इंद्रधनुष्य. डावखुरी म्हणाली, कमी कोनाचा आपणच करू, पाण्याचा. अॅक्रिलिकचे तुकडे सिलिकॉनने जोडून 30 अंशांची पाचर केली, आत पाणी भरलं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणजे किरण साधारण 10 अंश वळणार, दोन मीटरवर 36 सेंमीच्या आसपास. भिंतीवर खडूची खूण करून मोजलं तर 37 आलं. मुलांना गणित असं जुळलेलं बघायला मिळालं, त्यासाठी सगळी खटपट करायला माझी तयारी होती.

18 सप्टेंबर, गुरुवार

पाचर गळते. दोनदा पुन्हा चिकटवली, नाकावर पाणी येतंच. शिवाय जड.

साताऱ्याच्या चष्मेवाल्याकडे चौकशी केली. एकाचे दोन दिसणाऱ्या रुग्णांसाठी काचेवर चिकटवायची लोलकाची पातळ फिल्म मिळते, ती मागवून देतो म्हणाला. 20 प्रिझम डायॉप्टरची सांगितली: एक मीटरवर 20 सेंमी सरकवते, दोन मीटरवर 40. दोन्ही डोळ्यांना एकाच दिशेने लावायची, म्हणजे सगळं डावीकडे सरकेल. पाण्याची पाचर टाकून द्यायची नाही, प्रदर्शनात टेबलावर ठेवू.

20 सप्टेंबर, शनिवार

फिल्म आली. वेल्डिंगच्या गॉगलमध्ये साध्या काचा बसवून त्यावर चिकटवली, कडांना काळी टेप. भिंतीवर खाकी कागद, मध्ये उभी रेषा. ती मारायला मामांचा ओळंबा मागून आणला. उजवीकडचं अंतर अधिक, डावीकडचं उणे.

आजचे आकडे रद्द. गोलंदाजाचा चष्म्यासह पहिलाच गोळा फक्त 19 सेंमी डावीकडे गेला, 40 च्या जवळपास जायला हवा होता. बराच वेळ कारण कळेना. मग डावखुरीच्या लक्षात आलं: चष्मा चढवल्यावर तो गोळा तळहातावर वळत बसला होता, आपल्याच हाताकडे बघत. फेकायच्या आधीच निम्मं शिकून झालं होतं! सरकलेल्या जागी स्वतःचा हात हलताना दिसणं एवढंही पुरतं.

उपाय: हनुवटीखाली पुठ्ठ्याचं अर्धगोल ताट, म्हणजे हात दिसणार नाही. गोळे आधीच वळून ठेवायचे, दुसऱ्याने हातात द्यायचे. डोकं वळवायचं नाही, पाय खडूच्या खुणेवर.

24 सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस नीट लिहिते.

गोलंदाज, खांद्यावरून फेक. चष्म्याशिवाय दहा गोळे: सगळे रेषेपासून 7 सेंमीच्या आत. चष्मा घालून: उणे 36, उणे 33, उणे 25, उणे 27, उणे 18. पंधराव्या गोळ्यापर्यंत चूक 5 सेंमीवर आली. तीस पूर्ण होईतो रेषेच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक.

चष्मा काढला. त्याला सगळं माहीत होतं. लोलक आता नाही, रेषा दिसते तिथेच आहे, हे मी मोठ्याने सांगितलं, त्याने मान हलवली. गोळा गेला उजवीकडे 28 सेंमी. त्याने भिंतीकडे न बघता आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पंजा उघडा तसाच धरून, बोटांना माती लागलेली. मग म्हणाला, "मॅडम, मी सरळच टाकला."

आणि ते खरंच होतं. त्याच्या बाजूने त्याने सरळच टाकला होता. 22, 15, 16, 9 करत नऊ गोळ्यांत तो जागेवर आला.

फळ्यावर नंतर असं मांडलं. फेकताना हात पुढे येतो त्याला जेमतेम पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी चूक बघून ती दुरुस्त करायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो, तोवर गोळा हातातून सुटलेला असतो. म्हणजे फेक चालू असताना दुरुस्ती शक्य नाही, ती आधीच पूर्ण आखलेली असावी लागते. मोठ्या मेंदूतून स्नायूंकडे हुकूम सुटतो त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते. या हुकमाने काय होईल याचा अंदाज तो बांधतो. प्रत्यक्षात जे झालं ते अंदाजाशी जुळलं नाही तर चूक झाल्याचा निरोप येतो, आणि पुढच्या फेकीचा हिशेब थोडा बदलतो. थोडाच, एका झटक्यात नाही. म्हणून आकडे असे उतरत गेले.

गोलंदाज म्हणाला, बॅटिंगमध्येही असंच असणार. बरोबर. ताशी 140 किमीचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी येतो. नुसतं बघत बसून तो खेळता येत नाही.

नियम ठरवला: चष्मा काढल्यावरची चूक शून्यावर येईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. दोघं सायकलने येतात.

27 सप्टेंबर, शनिवार

डावखुरीचा प्रश्न: "शिकलं कोण, डोळे की हात?" डोळ्यांनी शिकलं असेल तर कशाही पद्धतीने फेकलं तरी फरक दिसायला हवा. हाताच्या त्या एका फेकीने शिकलं असेल तर खालून फेकलेला गोळा सरळ जायला हवा. प्रश्न मांडून त्याची परीक्षाही तिनेच सुचवली. वीस वर्षं शिकवताना असे दिवस मोजकेच आले.

गोलंदाज: चष्म्यात तीस गोळे खांद्यावरून, चष्मा काढून लगेच खालून. उजवीकडे 3, डावीकडे 2, उजवीकडे 4. सरळच की. मग परत खांद्यावरून: उजवीकडे 24! तोच माणूस, तोच हात, तेच डोळे. डावखुरीचं शिकणं थोडं खालच्या फेकीतही उतरलं, खालून फेकताना पहिले दोन गोळे 9 आणि 7 सेंमी गेले (तिच्यासाठीही फिल्म त्याच दिशेने, म्हणून तिचाही नेम उजवीकडेच उलटतो). दुसऱ्या हाताने फेकून पाहिलं तर दोघांचंही सरळ.

थॅच यांच्या प्रयोगातही बहुतेकांचं असंच निघालं होतं. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट दिसली होती: काही आठवडे सराव केल्यावर माणसाकडे दोन्ही हिशेब तयार राहतात, चष्मा घातला की पहिलाच गोळा बरोबर आणि काढला तरी पहिलाच बरोबर. आपल्याला तेवढा वेळ नाही. पण गोलंदाजाला आज 5 सेंमीच्या आत यायला नऊच गोळे लागले, बुधवारी पंधरा लागले होते.

4 ऑक्टोबर, शनिवार

आज मी स्वतः चष्मा घातला. मुलं म्हणाली, मॅडम, तुम्हाला तर सगळं माहीत आहे, तुमचा नेम पहिल्यापासून बसेल. मलाही तसंच वाटत होतं. गोळा 40 सेंमी डावीकडे जातो हे ठाऊक आहे, तर रेषेच्या उजवीकडे 40 सेंमीवर जाड खूण करायची आणि रेषा सोडून त्या खुणेवर नेम धरायचा.

पहिले तीन गोळे रेषेवर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथाही बरा. मग अधिक 8. अधिक 11. अधिक 10. अधिक 17. मी नेम बदलला नव्हता, त्याच खुणेवर धरून होते. विसाव्या गोळ्याला 22 सेंमी उजवीकडे. सराव करता करता नेम बिघडत गेला.

कारण सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. गोळा रेषेवर लागला याच्याशी लहान मेंदूला देणंघेणं नाही. त्याचा हिशेब एवढाच: जिथे पाठवला तिथे पोचला का? मी पाठवला खुणेवर, लागला तिच्या 40 सेंमी डावीकडे. म्हणजे त्याच्या लेखी चूक झालीच, आणि ती तो मुकाट्याने भरून काढत राहिला. माझी जाणूनबुजून केलेली दुरुस्ती आणि त्याची न सांगता केलेली दुरुस्ती एकीवर एक चढली.

मॅझोनी आणि क्राकाउर यांनी 2006 मध्ये हेच दाखवलं होतं. त्यांच्याकडे लोलक नव्हता, पडद्यावरचा ठिपका हाताच्या दिशेपेक्षा 45 अंशांनी फिरवलेला होता. लोकांना युक्ती सांगितली, पहिल्या काही फेऱ्यांत चूक शून्यावर आली, आणि मग पुन्हा वाढत गेली.

मैदानावर आपण मुलांना किती सूचना देतो. कोपर वर, मनगट सरळ, नजर इथे. त्या सूचना ऐकणारा मेंदू वेगळा, आणि हात बसवणारा वेगळा. दुसऱ्याला शब्द कळत नाहीत, त्याला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी लागते. सूचना देऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण सूचनेनंतर मुलाला दहा वेळा चुकू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही, एवढं मी आजपासून पाळणार आहे.

8 ऑक्टोबर, बुधवार

उशिराचा प्रयोग. गोळा सुटला की डावखुरीने गोलंदाजासमोर पुठ्ठा धरायचा, पाच मोजायचे, मग काढायचा. चूक दिसते, पण उशिरा. तीस गोळ्यांनंतरही तो 17 सेंमी डावीकडेच. जपानमध्ये किताझावा आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे मोजलं आहे: चूक दिसायला जितका उशीर, तितकं शिकणं संथ.

सहामाहीचे पेपर जवळ आलेत, मुलांना आता आठवडाभर सुट्टी.

12 ऑक्टोबर, रविवार

मामांकडे. चष्मा, शाडू, कागद, ताट सगळं घेऊन गेले. प्रदर्शनात मामांचं काही दाखवायचं नाही, हे माझ्यासाठी आहे. मामांना आधी सगळं सांगितलं. म्हणाले, "अगं, माझाच मेंदू आहे, मलाही बघायचंय."

मामांचा उजवा हात आता वरवर पाहता बराच सुधारलाय. कप ओठांपाशी नेताना शेवटच्या वितीत थरथरतो, तेव्हा ते डावा हात खाली लावतात. पण रंधा चालवतात, पटाशी धरतात, हळू का होईना. त्यांची तक्रार वेगळीच आहे. श्रावणात जुन्या हातोडीचा दांडा मोडला, नवी आणली तिचा दांडा दोन बोटं लांब. दोन महिने झाले, हातोडीचं डोकं खिळ्याच्या पलीकडेच पडतं, खिळ्यावर दांडा आपटतो. "चाळीस वर्षांत कितीतरी हातोड्या बदलल्या," म्हणाले, "एका दुपारीत हातात बसायची. ही बसत नाही."

अंगणाच्या भिंतीवर कागद लावला. मामा खुर्चीत बसून.

उजवा हात, चष्म्याशिवाय: गोळे पसरतात, कधी 14 सेंमीपर्यंत, पण सरासरी रेषेजवळच. म्हणून पुढेही पाच-पाचची सरासरी घेतली. चष्मा घालून पहिल्या पाचांची सरासरी उणे 35. चाळीस गोळे झाले, शेवटच्या पाचांची सरासरी उणे 32. मधे विश्रांती दिली, घाई केली नाही. चष्मा काढला: पहिल्या पाचांची सरासरी अधिक 1.

उजवीकडे काहीच उलटलं नाही. हात काहीच शिकला नव्हता, मग उलटणार काय?

डावा हात: चष्मा घालून उणे 34 पासून सुरुवात, तिसाव्या गोळ्याच्या आसपास उणे 8. काढल्यावर पहिले पाच सरासरी अधिक 21. गोलंदाजासारखाच.

एकाच माणसाचे दोन हात. मोठ्या मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते, पण लहान मेंदूची उजवी बाजू उजवाच हात सांभाळते, कारण वाट दोनदा ओलांडून परत त्याच बाजूला येते. हे मी पंधरा वेळा फळ्यावर काढून दाखवलं असेल. आज ते मामांच्या अंगणात, भिंतीवरच्या मातीच्या ठिपक्यांत दिसलं.

मामा कागदाकडे बघत होते. म्हणाले, "उजवीकडे जरा जास्त मारावं असं डोक्यात आलं होतं. पण तू म्हणालीस रेषेवरच मार."

मला 4 तारखेची आठवण झाली. म्हटलं, आता तुमच्या मनाने मारा. रेषेच्या उजवीकडे 40 वर खूण करून दिली. उजव्या हाताने वीस गोळे. पहिल्या पाचांची सरासरी अधिक 2. शेवटच्या पाचांची उणे 1. सरकलं नाही! माझा नेम याच युक्तीने वीस गोळ्यांत 22 सेंमी भरकटला होता. मामांचा भरकटला नाही, कारण युक्तीवर दुसरी दुरुस्ती चढवणारं तिथे कोणी उरलेलं नाही.

बर्कलेच्या टेलर, क्लेमफस आणि आयव्हरी यांनी 2010 मध्ये लहान मेंदूच्या रुग्णांत नेमकं हेच पाहिलं होतं: युक्ती दिली की ते ती निरोगी लोकांपेक्षाही नीट टिकवतात. वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि मामांच्या बाजूला उभं राहून मोजणं वेगळं. फूटपट्टी धरताना माझाच हात थरथरत होता.

मामींनी चहा आणला. मामांनी कप डाव्या हाताने उचलला.

13 ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री झोप नाही. दोन गोष्टी टिपून ठेवते.

एक, थॅच यांच्या रुग्णांत हात थरथरणं आणि न शिकणं या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या होत्या. काहींचा हात खूप हलायचा, तरी नेम बसायचा. काहींचा हात जवळपास स्थिर, पण शिकणं बंद. लहान मेंदूच्या खालच्या-मागच्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झालेल्यांत हा दुसरा प्रकार दिसला. मामांचीही तीच वाहिनी. तपासताना डॉक्टर बोट नाकाला लावायला सांगतात, चालून दाखवायला सांगतात, आणि मामा त्यात बऱ्यापैकी पास होतात. नवी हातोडी कोणी हातात देऊन बघत नाही.

दुसरी गोष्ट होम्सची. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या डॉक्टरने तपासलं. त्याच्या आधी सुमारे नव्वद वर्षं, 1824 च्या सुमारास, फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लुराँस यांनी कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला होता: हालचाल जात नाही, तिचा मेळ जातो. पण कबूतर बोलत नाही. होम्सच्या एका रुग्णाने सांगितलं की डावा हात आपोआप चालतो, उजव्याची प्रत्येक हालचाल मात्र विचार करून करावी लागते. हे मामांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचापण उजवाच?"

14 नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीनंतर काम परत सुरू. टेबलावर ठेवायची प्रतिकृती करायची होती. थर्माकोलचा मेंदू नको, यावर तिघांचं एकमत.

डावखुरीने वहीत जपलेलं पिंपळाचं जाळीचं पान आणलं. लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशीची फांद्यांची रचना अशीच असते, चपटी, जाळीदार. यान पुर्किन्ये यांनी 1837 मध्ये तिचं वर्णन केलं. अशी पंधरा पानं एकामागे एक उभी केली, पुस्तकाच्या पानांसारखी. त्यांच्या आरपार, काटकोनात, पतंगाचा दोरा ओवला: हे समांतर तंतू. खऱ्या एका पेशीवर असे लाखभर तंतू येऊन टेकतात. हात कुठे आहे, कोणता हुकूम सुटलाय, सगळी खबर त्यांतून येते. आणि प्रत्येक पानाला खालून वर वेढत गेलेली एकच लाल लोकर: चढता तंतू, एका पेशीला एकच. चूक झाल्याचा निरोप आणतो तो हाच.

पुर्किन्ये पेशी पुढे फक्त थांबवण्याचा निरोप पाठवते, हे जपानच्या मासाओ इतो यांनी 1960 च्या दशकात दाखवलं. चूक झाली, लाल तंतू पेटला, की त्या क्षणाच्या जरा आधी बोलत असलेले समांतर तंतू कमजोर पडतात. मार यांनी 1969 मध्ये आणि आल्बस यांनी 1971 मध्ये, थोड्या वेगळ्या रीतीने, पेशींच्या या जोडणीत शिकणं कसं घडत असेल हे कागदावर मांडलं. इतो यांच्या प्रयोगशाळेने 1982 मध्ये जोड कमजोर होताना मोजला. शिकण्याची ही एकच वाट नाही, हे आता माहीत आहे, पण मुलांना समजायला ही चांगली. गोलंदाजाने बरोबर पकडलं: "म्हणून पुठ्ठा धरल्यावर जमलं नाही. लाल निरोप आला तोवर दोरे गप्प झाले होते."

मी त्याला हे सांगितलं नव्हतं.

5 डिसेंबर, शुक्रवार

प्रदर्शन झालं. एका परीक्षकांनी मॉडेल चालतं का, बटण कुठे, असं विचारलं. डावखुरीने त्यांना चष्मा दिला. चौदा गोळे फेकले त्यांनी, मग काढून एक. गोळा उजवीकडे गेला तसे स्वतःच परत खुणेवर जाऊन उभे राहिले. दिवसभरात साठ-सत्तर जणांनी फेकून पाहिलं, शाडू संपली, दुपारनंतर जुन्याच गोळ्यांना पाणी लावून चालवली. बक्षीस मिळालं नाही. मुलं जरा हिरमुसली. परतताना गाडीत दोघांचा वाद चालू होता, डोळे मिटून फेकलं आणि चूक नुसती तोंडी सांगितली तर नेम बसेल का. त्याचा आराखडा पुढच्या पानावर आहे.

14 डिसेंबर, रविवार

मामांकडे गेले तर अंगणात खोक्याचं काम चाललेलं. नवीच हातोडी, लांब दांड्याची. मला वाटलं होतं दांडा कापून घेतला असेल. नाही.

फळीवर प्रत्येक खिळ्याच्या अलीकडे, स्वतःच्या बाजूला, दोन बोटांवर पेन्सिलची बारीक आडवी रेघ. मामा खिळा डाव्या चिमटीत धरतात, दोन हलके ठोके देऊन उभा करतात, डावा हात बाजूला घेतात. मग खिळ्याकडे बघतच नाहीत. रेघेकडे बघतात, ओठ घट्ट मिटतात, आणि रेघेवर मारल्यासारखा घाव घालतात. डोकं खिळ्यावर.

"ही तुझी चाळीसची खूण," म्हणाले.

मी मोजले. बारा खिळे, दहा सरळ आत गेले, एक वाकला, एक घाव हुकला. प्रत्येक घावाआधी तेवढंच थांबणं, तेवढंच बघणं. बाराव्यानंतर कपाळावर घाम होता, डिसेंबरच्या सकाळी. हातोडी खाली ठेवून उजवा पंजा दोनदा मिटला-उघडला आणि म्हणाले, आता अर्धा तास बसू.